भावाकडून मदत

घरात तिला कोणी वहिनी म्हणतं, कोणी सूनबाई, आणि नवरा नुसतं ‘अगं’ म्हणतो. नावाने हाक मारणारं माणूस आता फारसं उरलेलं नाही. कपड्यांच्या कारखान्यात होती तेव्हा मात्र सगळे तिला मास्टर म्हणत. कापडाला कात्री लागण्याआधी ज्याचा शब्द शेवटचा तो मास्टर, मग तो बाप्या असो की बाई. आपणही तिला मास्टरच म्हणू. निदान या गोष्टीत तरी तिच्या कामाचं नाव तिला मिळू दे, कारण सरकारी कागदावर ते सहा वर्षं नव्हतं आणि त्यावरूनच हा सगळा तमाशा झाला.

मास्टरचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. परदेशात एक कंपनी आहे, ती इस्पितळातल्या नर्सचे आणि वॉर्डातल्या मदतनिसांचे कपडे बनवते. तिथला डिझायनर एकाच मापाचा, मधल्या मापाचा कपडा आखतो आणि हात झटकून मोकळा होतो. पण नर्सबाया काही एका मापाच्या जन्माला येत नाहीत. त्या एका मापावरून चौदा मापांचे साचे कॉम्प्युटरवर काढायचे, हे मास्टरचं काम. लोकांना वाटतं, लहानाचं मोठं करायचं, त्यात काय एवढं! अहो, पोट वाढतं तसा खांदा वाढत नाही. मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो गोल, अर्धा सेंटिमीटर चुकला की नर्सने सलाइनची बाटली अडकवायला हात वर केला रे केला, अख्खा सदरा पोटावरून वर सरकतो. तिकडचा डिझायनर हे शिकला नव्हता. त्याला हे इकडून मास्टरने शिकवलं, आणि तेही स्वयंपाकघराला लागून असलेल्या सव्वादोन मीटरच्या बोळकांडीत बसून.

त्या बोळकांडीत एक टेबल, एक मोठा पडदा असलेला कॉम्प्युटर आणि डोकं नसलेली एक पुतळी. साचा पूर्ण आकारात छापून जोडायचा तर जेवणाचं टेबल रिकामं करावं लागे. ‘वहिनींचे कागद आवरा, पानं घ्यायची आहेत’ हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिला त्याचा तिटकारा आला होता. म्हणून ती पैसे साठवत होती. गल्लीच्या टोकाला पुस्तक-बांधणीच्या दुकानावर एक खोली रिकामी होती. लांबलचक, दोन खिडक्यांची. तिथे तीन मीटरचं कापायचं टेबल मांडायचं, हा तिचा बेत होता. खोलीचं डिपॉझिट आणि टेबल, दोन्हींचे पैसे जवळजवळ जमत आले होते.

आता पगाराचं ऐका. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान बसलं. तो पाण्याचे फिल्टर कमिशनवर विकायला लागला, म्हणजे महिन्याला दोन विकायचा आणि चार परत यायचे. घर चाललं ते मास्टरच्या पगारावर. पण सासूबाईंना हे सांगायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं? दोघांनी. इथे मास्टरचाही दोष आहे आणि तो झाकायचा नाही. नवऱ्याचा चेहरा पडलेला तिला बघवत नव्हता, म्हणून पैसे जोडखात्यात यायचे, नवरा जाऊन काढायचा आणि आईच्या हातात किराण्याची यादी आणि पैसे ठेवायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘दुकान गेलं तरी माझ्या थोरल्याने घराला झळ पोचू दिली नाही. सूनबाई काहीतरी शिवणकाम करते कॉम्प्युटरवर, तिचा वेळ जातो.’ मास्टर हे स्वयंपाकघरातून ऐकायची आणि गप्प बसायची.

आणि मग धाकटे दीर. हे करसल्लागार. समोरच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे, दोन खुर्च्या, फायलींचं कपाट आणि भिंतीवर त्यांचाच फोटो. अर्ध्या मोहल्ल्याचे फॉर्म तेच भरतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी आहे ना.’ दरवर्षी ते कागदांचा गठ्ठा घेऊन यायचे, जेवायला बसायचे आणि हात धुता धुता म्हणायचे, ‘वहिनी, खूण केलीय तिथे सह्या करा.’ अर्धा सेंटिमीटर चुकला तर साचा फाडून टाकणारी ही बाई, हात पुसून, न वाचता, सहा वर्षं सह्या करत आली. ‘कर तिकडेच कापत असतील ना?’ असं तिने पहिल्या वर्षी नवऱ्याला विचारलं होतं. ‘असतील,’ तो म्हणाला होता. कंपनीकडून दर जानेवारीला एक मेल यायचं, ते ती दिराला पुढे पाठवायची. दीर उत्तरादाखल मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवायचे.

मग प्राप्तिकर कार्यालयातून पत्र आलं. तुमच्या खात्यात दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला परदेशी कंपनीकडून रक्कम जमा होते. आपल्या विवरणपत्रात ती ‘भावाकडून मदत’ अशी दाखवली आहे. पंधरा दिवसांत खुलासा करावा.

मास्टरने ते पत्र उभ्यानेच तीनदा वाचलं. मग ती तशीच जिना उतरली, समोरच्या इमारतीत गेली आणि दिरांच्या कपाटातून स्वतःची फाइल मागून घेतली. सहा वर्षांचे सहा फॉर्म. व्यवसाय: गृहिणी. उत्पन्न: नाही. आणि खाली, बारक्या अक्षरांत, नातलगाकडून मिळालेली मदत, देणाऱ्याचं नाव अमुक, नातं भाऊ. प्रत्येक पानावर तिची स्वतःची सही, वळणदार आणि ठळक.

तिला एक धाकटा भाऊ होता खरा, आणि तो कंपनीच्याच देशात बसही चालवत होता. पण अकरा वर्षांत त्याने बहिणीला पैसा सोडा, एक साधं पार्सलही पाठवलं नव्हतं. आई आजारी असताना विमानाचं तिकीट महाग आहे म्हणून आला नव्हता. तो भाऊ कागदावर सहा वर्षं, दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला, न चुकता बहिणीला पोसत होता! मास्टरच्या पायाची आग मस्तकात गेली.

‘भाऊजी, हे काय आहे?’

दीर शांतपणे चहा ढवळत होते. ‘वहिनी, बसा ना. अहो, यात घाबरण्यासारखं काही नाही. सख्ख्या नातलगाने दिलेल्या पैशावर कर नाही. तुमचा भाऊ नेमका तिकडेच आहे, हे आपलं नशीब. मी तुमचे किती पैसे वाचवले माहितीय?’

‘मला विचारलं होतं?’

‘सही तुमचीच आहे की.’

सही तिचीच होती आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. ‘कंपनीचं मेल दरवर्षी पाठवत होते ना मी? काय लिहिलेलं त्यात?’

‘तेच नेहमीचं. आम्ही इथे काही कापत नाही, तुमचा कर तुम्ही तुमच्या देशात भरा. ते लिहिणारच. त्यांचं काय जातंय?’ त्यांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. ‘हे बघा, खुलासा तयारच आहे. भाऊ त्या कंपनीची वाहतुकीची कामं करतो, त्याचे पैसे तो परस्पर तुम्हाला पाठवायला सांगतो. तुम्ही इथे सही करायची, तो तिकडून करेल. विषय संपला. मी आहे ना.’

‘तुम्ही आहात, भाऊजी,’ मास्टर म्हणाली. ‘मी कुठे आहे यात?’

दीर हसले. उंटावरच्या शहाण्याला खालचं माणूस ओरडलं तरी गाणं म्हणतंय असंच वाटतं. ‘तुम्ही म्हणजे कमालच करता वहिनी. पैसे तर खात्यात येतायत ना? कागदावर काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो?’

घरी नवऱ्याने तेच सांगितलं, फक्त खालच्या आवाजात. ‘कर सही. घरातली गोष्ट घरात राहील. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याने चांगल्यासाठीच केलं ना? आणि आईला आता या वयात हे सगळं...’

‘काय सगळं? मी कमावते हे सगळं?’

नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. भांडण सुरू झालं की त्याला गॅलरीतली कुंडी आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. दिरांनी त्याला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. नव्हे, पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, हे आत्ता कळलं. मावशी तिला मागे म्हणाली होती, ‘भावाचा आधार आहे म्हणून निभावतंय गं तुझं.’ म्हातारी काहीतरी बरळतेय असं तेव्हा मास्टरला वाटलं होतं. म्हातारी बरळत नव्हती. हा पठ्ठ्या नात्यात सगळ्यांना सांगत सुटला होता की बहिणीचं घर मी चालवतो!

‘ताई, तू काळजी करू नकोस,’ तो म्हणाला. ‘मी करतो सही. तुझ्यासाठी एवढंही करणार नाही का?’

‘हं.’

‘फक्त एक आहे. आई गेल्यावर आता तिची जागा विकायची निघतेय ना. दोन खोल्यांची काय ती किंमत! पण अर्धं अर्धं करायचं म्हणजे... बघ ना, कागदावर मी तुला सहा वर्षं एवढे दिलेत. उद्या कुणी विचारलं तर ते हिशेबात धरायला नको का? तुझा हिस्सा तसा तुला पोचलाच, असं म्हणता येईल.’

तो विनोद करतोय का, हे ती ऐकत होती. तो विनोद करत नव्हता. आईच्या औषधपाण्याला हिने रात्रीचा दिवस केला, आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा आता तिच्याच पगाराची पावती दाखवून तिचाच हिस्सा मागत होता.

‘नालायका,’ ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मग पुतळीवर लावलेल्या सगळ्या टाचण्या तिने एकेक करून उपटल्या, डबीत टाकल्या आणि कपाटावरचं पुठ्ठ्याचं खोकं खाली काढलं. कंपनीचं कंत्राट, सहा वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, कॉम्प्युटरचं बिल, साचे काढायच्या प्रोग्रॅमची दरवर्षीची पावती, कागदाचे रोल, इंटरनेट, सगळं त्यात होतं. कारखान्यातली सवय, चिटोरं फेकायचं नाही. दिरांनी यातलं एकही कधी मागितलं नव्हतं.

सकाळी ती निघाली तेव्हा दीर जिन्यातच भेटले. खोकं बघून त्यांना काय ते कळलं.

‘वहिनी, हे हात दाखवून अवलक्षण आहे, सांगून ठेवतो. कोणी स्वतः जाऊन कर मागतं का?’

‘बाजूला व्हा, भाऊजी.’

‘माझं नाव आहे त्या फॉर्मवर! भरणारा म्हणून माझा शिक्का आहे!’

‘अस्सं? तुमचं आहे होय?’ ती म्हणाली. ‘कागदावर काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो?’ आणि खोकं त्यांच्या पोटाला घासून पुढे गेली.

कार्यालयात टोकन घेऊन सव्वा तास बसावं लागलं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे टोकाचा माणूस उठला की सगळी रांग हले. ज्याच्याकडे तिला पाठवलं तो अधिकारी सर्दीने बेजार होता. त्याने पत्र बघितलं, फॉर्म बघितले आणि नाक पुसत विचारलं, ‘मॅडम, भाऊ या कंपनीत काय करतो?’

‘काही नाही. तो बस चालवतो. पैसे माझे आहेत. माझा पगार आहे.’

त्याने पेन खाली ठेवलं. ‘नीट ऐका. मदत म्हणालात आणि सिद्ध केलंत, तर कर नाही. पगार म्हणालात तर सहा वर्षांचा कर, त्यावर व्याज, वर दंड. घरी विचारून आलात का?’

‘माझ्या कामाचं मी घरी काय विचारू?’ तिचा आवाज चढला. रांगेतली माणसं बघायला लागली. तिने पर्वा केली नाही. ‘साहेब, चौदा मापं काढते मी. तुमच्या अंगावरचा शर्ट आहे ना, तो खांद्यात उतरलाय आणि मानेत घट्ट आहे. ज्याने साचा काढला त्याने गळा वाढवला नाही, नुसता खांदा वाढवला. हे मला बसल्या जागी दिसतं. एवढं येतं मला. आणि तुमच्याकडे लिहिलंय गृहिणी, उत्पन्न नाही!’

अधिकाऱ्याचा हात आपसूक कॉलरकडे गेला. तो हसला नाही, पण त्याने खोकं पुढे ओढलं आणि दीड तास कागद बघितले. मधे त्याने विचारलं, ‘तिकडे काही कर कापला होता का? कापला असेल तर तिथला दाखला आणा, म्हणजे दोनदा भरावा लागणार नाही.’ कंत्राटातलं कलम तिने दाखवलं, काही कापलेलं नव्हतं. बिलांचा गठ्ठा बघून मात्र त्याने मान हलवली. ‘हे सगळं खर्चात धरता आलं असतं. कॉम्प्युटर, प्रोग्रॅम, कागद, विजेचा वाटा. दरवर्षी सरळ भरलं असतंत ना, तर कर एवढासा आला असता. जाणवलाही नसता. आता व्याजाने फुगलाय.’

म्हणजे लबाडीचा फायदाही झाला नव्हता! दिरांना फक्त हुशारी दाखवायची होती. सरळ रस्त्याने गेलं तर करसल्लागार कसला? मास्टरला त्या क्षणी ते समोर असते तर तिने मोजपट्टीने बडवून काढलं असतं, आणि हे मी तिच्या बाजूने आहे म्हणून म्हणत नाही, ती स्वतःच नंतर तसं म्हणाली.

‘बघा, हा पगार आहे हे आम्ही शोधून काढायच्या आत तुम्ही सांगितलंत,’ अधिकारी म्हणाला, ‘म्हणून दंड कमीत कमी लावतो. आणि हे फॉर्म ज्यांनी भरले त्यांना वेगळी नोटीस जाईल. पुढच्या वर्षीपासून दर तीन महिन्यांनी थोडा थोडा भरत जा. स्वतः भरा. अवघड नाही.’

दुरुस्तीचा फॉर्म तिने तिथेच भरला. या वेळी सगळं वाचून, ओळ न् ओळ. दोनदा खाडाखोड झाली तर नवीन फॉर्म मागितला.

महिन्याभरात हुकूम आला. खोलीचं डिपॉझिट गेलं, टेबल गेलं, त्यावर आणखी थोडे गेले. बांधणीवाल्याने खोली एका शिकवणीवाल्याला दिली. मास्टरने पैसे भरले, पावती घेतली आणि येताना त्या खोलीखालून न जाता लांबच्या रस्त्याने आली. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पश्चात्ताप नाही झाला. नुसता राग होता, आणि तो कमी होत नव्हता.

त्याच संध्याकाळी दीर आले. त्यांची नोटीसही पोचली होती. सगळे जेवायला बसलेले. दीर चपला न काढता आत आले आणि थेट आईसमोर उभे राहिले, कारण आईसमोर कोणाची कशी जिरवायची हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

‘आई, बघ तुझ्या सुनेने काय केलं! मी सहा वर्षं वाचवले होते, आणि ही बया जाऊन सरकारच्या घशात घालून आली. किती माहितीय?’ आणि त्यांनी आकडा सांगितला. मोठ्याने, दोनदा. त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीच्या किमतीपेक्षा तो मोठा होता.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आकडा मनात घोळवला. चार पोरांचा संसार त्यांनी कधीकाळी पै पैचा हिशेब ठेवून रेटला होता. त्यांना फॉर्म कळत नसतील, पण हिशेब कळत होता.

‘एवढा नुसता कर?’ त्या म्हणाल्या. ‘मग पगार केवढा असेल? कोणाचा?’

दीर थबकले. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी थोरल्या भावाकडे बघितलं, थोरल्याने ताटाकडे.

‘मी काय विचारतेय? दुकान गेलं तेव्हापासून किराणा, डॉक्टर, लाइटबिल, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन. तू म्हणालास, मी बघतो. मग हे घर चालवत कोण होतं?’

मास्टरने भाजीची वाटी खाली ठेवली. उत्तर तिच्या जिभेवर होतं, सहा वर्षं होतं. पण ती गप्प राहिली. तिने दिराकडे बघितलं नाही, सासूकडे बघितलं नाही, फक्त नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने एकदा गॅलरीकडे नजर टाकली. तिने खुर्ची सरकवून मधली वाट बंद केली.

‘ही,’ तो ताटातच पुटपुटला.

‘काय म्हणालास?’ सासूबाईंनी विचारलं.

‘मोठ्याने सांगा,’ मास्टर म्हणाली. ‘आईंना कमी ऐकू येतं.’